घटक ४ : भाषांतराला न जुमानणारे शब्द

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला
• एका भाषेतील शब्दाला दुसऱ्या भाषेत एकशब्दी पर्याय का मिळत नाही, याची कारणे सांगता येतील;
• समास, प्रत्यय आणि जीवनरीती यांच्याद्वारे घडलेल्या अशा शब्दांमधील फरक ओळखता येईल;
• 'शब्द नाही म्हणजे कल्पनाच नाही' या समजुतीचे परीक्षण करता येईल;
• भाषांतर करताना अशा शब्दांसाठी योग्य मार्ग निवडता येईल.

४.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो,

पुस्तके हौसेने विकत घ्यायची, ती रचून ठेवायची आणि वाचायची मात्र राहून जायची, या सवयीला जपानी भाषेत 'त्सुंदोकु' म्हणतात. 'रचून ठेवणे' या अर्थाचे 'त्सुंदे ओकु' आणि 'वाचन' या अर्थाचे 'दोकु' यांची ही गमतीदार सांगड आहे. या सवयीसाठी इंग्रजीत रूढ असा एक शब्द नाही, मराठीतही नाही. तरीही अर्थ कळताच तुमच्यापैकी अनेकांना हसू आले असेल, आणि अद्याप न उघडलेल्या एखाद्या अभ्यासपुस्तिकेकडे नजरही गेली असेल.

हे हसू आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. जी गोष्ट आपल्याला मुळीच ठाऊक नाही तिच्यावर आपण हसू शकत नाही. 'त्सुंदोकु' ऐकून हसणाऱ्याजवळ शब्द नव्हता, पण अनुभव होता. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढील सर्व विवेचन सोपे होईल.

'या शब्दाला इंग्रजीत प्रतिशब्दच नाही' अशा शब्दांच्या याद्या लोक आवडीने वाचतात. त्यांतून पुष्कळदा दोन टोकांचे निष्कर्ष काढले जातात. कधी एखाद्या भाषेची अवाजवी थोरवी गायली जाते, तर कधी 'मराठीत याला शब्दच नाही' असे म्हणत आपल्या भाषेकडे कमीपणाने पाहिले जाते. नोकरी, शेती वा संसार सांभाळून पुन्हा अभ्यासाकडे वळलेल्या विद्यार्थ्याच्या मनात ही दुसरी भावना असेल, तर ती तपासून घेणे आवश्यक आहे. म्हणून या घटकात आपण अशा शब्दांची गंमत अनुभवणार आहोतच, पण ती गंमत निर्माण कशी होते हेही पाहणार आहोत.

४.३ विषयविवेचन

४.३.१ 'कितवा' : घरचेच उदाहरण

परक्या भाषांकडे जाण्यापूर्वी एक परिचित उदाहरण घेऊ. 'अब्राहम लिंकन हे अमेरिकेचे कितवे अध्यक्ष?' या साध्या प्रश्नाचे इंग्रजीत भाषांतर करून पाहा. 'सोळावे' हे उत्तर इंग्रजीत एका शब्दात देता येते. पण ते उत्तर ज्याने मिळते त्या 'कितवे' या प्रश्नवाचक शब्दाला इंग्रजीत एकशब्दी प्रतिशब्द रूढ नाही. प्रश्न वळणे घेत विचारावा लागतो. जर्मन भाषेत मात्र 'व्हीफिल्टे' आणि फिनिश भाषेत 'मोनेस्को' हे शब्द नेमके 'कितवा' याच अर्थाचे आहेत.

दुसरे उदाहरण 'परवा' या शब्दाचे. उद्याच्या पुढील दिवसासाठी जर्मनमध्ये 'यूबरमॉर्गन' हा शब्द आहे. इंग्रजीतही 'ओव्हरमॉरो' असा शब्द एके काळी होता. कालांतराने तो वापरातून गेला. शब्द गेला म्हणून इंग्रजांनी परवाचे बेत आखणे थांबवले नाही. ते तीन-चार शब्दांत तोच दिवस सांगू लागले. मराठीतील 'परवा' तर होऊन गेलेला आणि येणारा अशा दोन्ही दिवसांसाठी चालतो. 'परवा आला' आणि 'परवा येईल' यांतील भेद क्रियापद सांभाळते.

या दोन उदाहरणांतून काय दिसते? एखादा अर्थ भाषेने एका शब्दात बांधला आहे की अनेक शब्दांत मांडला आहे, हा बांधणीचा प्रश्न आहे. तो समजशक्तीचा प्रश्न नाही. एखाद्या अर्थासाठी भाषेच्या शब्दसंग्रहात एकशब्दी पर्याय नसणे, याला आपण 'शब्दसंग्रहातील रिक्त जागा' म्हणू. अशा रिक्त जागा प्रत्येक भाषेत असतात. त्या कोठे असतात आणि का असतात, हे आता पाहू.

४.३.२ समासातून घडलेले शब्द

अशा याद्यांमध्ये जर्मन शब्दांचा भरणा मोठा असतो. याचे प्रमुख कारण जर्मन लोकांच्या स्वभावात नसून जर्मन भाषेच्या समासप्रियतेत आहे. जर्मन भाषा नामाला नाम सहज जोडते आणि जोडून झालेले पद सलग लिहिते. पुढील शब्द पाहा.

'कुमरश्पेक' : 'कुमर' म्हणजे दुःख, चिंता, 'श्पेक' म्हणजे डुकराची चरबी. मन उदास असताना खात सुटल्यामुळे अंगावर चढलेली चरबी म्हणजे 'कुमरश्पेक'.

'ट्रेपनव्हिट्स' : 'ट्रेपे' म्हणजे जिना आणि 'व्हिट्स' म्हणजे विनोद, चातुर्य. बैठकीत कोणी टोमणा मारला, त्या वेळी काहीच सुचले नाही आणि जिना उतरताना चोख उत्तर सुचले. असे उशिरा सुचलेले शहाणपण हा या शब्दाचा मूळ अर्थ. ही कल्पना अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत देनी दिदेरो याच्या लेखनातून आली. फ्रेंचमधील 'जिन्यावरचे चातुर्य' या शब्दप्रयोगाच्या धर्तीवर जर्मनने आपला समास घडवला.

'फेरश्लिम्बेसर्न' : 'बिघडवणे' आणि 'सुधारणे' या अर्थांच्या दोन क्रियापदांचे हे मिश्रण. सुधारायला जाऊन अधिक बिघडवणे, असा त्याचा अर्थ.

आता मराठीकडे वळू. 'करायला गेलो गणपती अन् झाला मारुती' ही म्हण 'फेरश्लिम्बेसर्न'च्या अर्थाच्या अगदी जवळ जाते. जो अर्थ जर्मनने क्रियापदात बांधला, तो मराठीने म्हणीत बांधला. 'ट्रेपनव्हिट्स'साठी 'वरातीमागून घोडे' किंवा 'बैल गेला अन् झोपा केला' या म्हणी आठवतील. परंतु येथे सावध राहावे. या म्हणींत वेळ टळून गेल्यावर केलेली कृती आहे; जिन्यावर सुचलेल्या उत्तरातील हळहळ आणि चुटपुट त्यांत नाही. जवळचा शब्द आणि समान अर्थाचा शब्द यांतील हे अंतर ओळखता येणे, हीच शब्दार्थाच्या अभ्यासाची सुरुवात होय.

समासाची शक्ती मराठीतही कमी नाही. 'घरजावई', 'घरकोंबडा', 'तोंडपाटीलकी' हे शब्द एखाद्या जर्मन मित्राला समजावून सांगण्याचा प्रयत्न करा. प्रत्येकासाठी एक वाक्य तरी खर्ची पडेल, आणि 'घरकोंबडा' ऐकून तोही हसेल.

४.३.३ प्रत्ययांतून घडलेले शब्द

दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकावरील तिएर्रा देल फुएगो या बेटांच्या प्रदेशात यागान नावाची भाषा बोलली जात असे. तिच्यातील 'मामिहलापिनातापाई' हा शब्द भाषांतरास अत्यंत कठीण म्हणून जगभर प्रसिद्ध आहे. एखादी गोष्ट घडावी असे दोघांनाही वाटते, परंतु सुरुवात दुसऱ्याने करावी अशी दोघांचीही अपेक्षा असते. अशा वेळी दोघे एकमेकांकडे ज्या नजरेने पाहतात ती नजर, असा त्याचा प्रचलित अर्थ दिला जातो.

हा शब्द गूढ वाटतो, पण त्याची फोड केली की तो व्याकरणाचा विषय होतो. त्याच्या गाभ्याशी 'पुढे काय करावे हे न सुचणे' या अर्थाचा धातू आहे. त्याच्या मागेपुढे प्रत्यय लागले आहेत आणि शेवटचा प्रत्यय द्विवचनाचा आहे. संस्कृतमधील द्विवचनाशी तुमचा परिचय असेल. मराठीत ते उरलेले नाही. म्हणजे 'दोघे' हा अर्थ सांगण्यासाठी मराठीला वेगळा शब्द वापरावा लागतो, तर यागानमध्ये ते काम प्रत्यय करतो. आपण ज्याला एक शब्द म्हणतो, ते तेथे जवळजवळ एक वाक्यच असते.

या शब्दामागे एक खंतही आहे. यागान ही मातृभाषा असलेल्या अखेरच्या व्यक्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्रिस्तिना काल्देरोन यांचे २०२२ मध्ये निधन झाले. आज हा एक शब्द अनेक देशांतील वाचकांना ठाऊक आहे, पण घरात यागान बोलत लहानाचे मोठे झालेले कोणी उरलेले नाही. भाषेतून एखादा शब्द कौतुकाने उचलणे आणि ती भाषा जपणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कॉकेशस प्रदेशातील जॉर्जियन भाषेत 'शेमोमेचामा' असे क्रियापदाचे रूप आहे. 'सगळे खायचे नव्हते, पण हातून खाल्ले गेले' असा त्याचा आशय. या रूपात खाणारी व्यक्ती ठाम कर्ता म्हणून उभी राहत नाही; क्रिया तिच्या हातून नकळत घडली, असे क्रियापदच सांगते. फराळाचा डबा रिकामा झाल्यावर द्यावे असे हे उत्तर आहे.

मराठी वाचकाला ही रचना तितकीशी परकी वाटू नये. 'मला आता खाववत नाही', 'त्याला बोलवेना', 'आजीला जिना चढवत नाही' ही वाक्ये पाहा. मराठी व्याकरणात अशा क्रियापदांना शक्य क्रियापदे म्हणतात. येथेही व्यक्ती 'मला', 'त्याला' अशी येते आणि क्रिया तिच्या इच्छेपेक्षा शक्तीवर अवलंबून असल्याचे क्रियापदाच्या रूपातून कळते. 'खाववत नाही' या दोन शब्दांसाठी इंग्रजीला लांबचा वळसा घ्यावा लागतो. आपण रोज वापरतो म्हणून त्यातील नवल आपल्याला जाणवत नाही, इतकेच.

४.३.४ जीवनरीतीतून घडलेले शब्द

काही शब्दांचे मूळ समाजाच्या जगण्यात असते. फिनिश भाषेत 'पोरोनकुसेमा' हे अंतराचे जुने माप आहे. शब्दशः अर्थ 'रेनडिअरचे मूत्रविसर्जन'. रेनडिअर हा थंड प्रदेशातील, गाडी ओढणारा प्राणी त्या कारणासाठी न थांबता जेवढे अंतर जाऊ शकतो तेवढे हे माप. ते सुमारे ७.५ किलोमीटर मानले जाते. हसण्यापूर्वी आपला 'कोस' आठवावा. तो संस्कृत 'क्रोश' या शब्दापासून आला आहे आणि 'क्रोश' म्हणजे ओरडणे, हाक. एका समाजाने रेनडिअरच्या थांब्यावरून अंतर मोजले, दुसऱ्याने हाकेवरून. आजही आपण 'हाकेच्या अंतरावर' असे म्हणतोच.

नात्यांचे शब्द या वर्गात विशेष महत्त्वाचे. आपल्या मुलाच्या वा मुलीच्या सासऱ्याला आपण 'व्याही' म्हणतो आणि सासूला 'विहीण'. इंग्रजीत या नात्याला शब्द नाही. परंतु स्पॅनिशमध्ये 'कोन्सुएग्रो' आहे, आणि पूर्व युरोपातील ज्यूंच्या यिडिश भाषेत अशा सोयऱ्यांना 'मेखुतोनिम' म्हणतात. जेथे विवाहाने दोन कुटुंबे जोडली जातात आणि त्यांच्यात मानपान सुरू होतो, तेथे या नात्याला नाव देण्याची गरज भासणे स्वाभाविक आहे. 'साडू' आणि 'जाऊ' यांचेही तसेच.

स्वयंपाकघरातील शब्द पाहा. 'शिळे', 'उष्टे' आणि 'खरकटे' यांत मराठी माणूस कधीही गोंधळ करत नाही. कालची भाकरी शिळी असते, पण उष्टी असेलच असे नाही. ताटात नुकतेच वाढलेले अन्न एक घास घेताच उष्टे होते, पण शिळे नसते. आणि जेवण झाल्यावर ताट खरकटे असते. इंग्रजीत उरलेल्या अन्नासाठी जो शब्द सर्रास वापरला जातो, त्यात हे भेद मावत नाहीत.

उलट दिशेनेही पाहू. भूक नसताना केवळ तोंडाला चाळा म्हणून काहीतरी खावेसे वाटणे, याला जपानीत 'कुचिसाबिशी' म्हणतात. शब्दशः अर्थ 'तोंड एकाकी वाटणे'. आपणही 'तोंडात टाकायला काहीतरी द्या' असे म्हणतो, पण तोंडाला एकटेपणा वाटतो ही कल्पना जपानीचीच.

आपली प्रगती तपासा

(१) 'शब्दसंग्रहातील रिक्त जागा' म्हणजे काय?
(२) 'कुमरश्पेक' आणि 'मामिहलापिनातापाई' या शब्दांच्या घडणीत कोणता फरक आहे?
(३) 'कोस' आणि 'पोरोनकुसेमा' यांत साम्य कोणते?

४.४ दोन गैरसमज

(अ) शब्द नाही, म्हणून भावना नाही.

दुसऱ्याच्या फजितीने होणाऱ्या आनंदाला जर्मनमध्ये 'शाडनफ्रॉइड' म्हणतात. 'शाडन' म्हणजे नुकसान आणि 'फ्रॉइड' म्हणजे आनंद. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रिचर्ड शेनेव्हिक्स ट्रेंच या धर्मगुरूने शब्दांविषयीच्या आपल्या पुस्तकात या शब्दाचा उल्लेख केला. एखाद्या भाषेत असा शब्द असावा, हेच त्याला भयंकर वाटले. कारण शब्द आहे त्या अर्थी ती वृत्तीही आहे, असे त्याचे म्हणणे. त्याने प्राचीन ग्रीकमधील अशाच अर्थाच्या शब्दाकडेही लक्ष वेधले होते. या तर्काची उलट बाजू मात्र टिकत नाही. इंग्रजीत शब्द नव्हता, म्हणून इंग्रज माणसाला दुसऱ्याच्या फजितीत कधी गंमत वाटली नाही, असे कोण म्हणेल? पुढे इंग्रजीने तो जर्मन शब्दच आपलासा केला. मराठीत आपण 'आसुरी आनंद' म्हणतो, आणि त्याहून रोखठोकपणे 'बरी जिरली!' म्हणतो.

हाच चुकीचा तर्क मराठीवरही लादला जातो. आभार मानण्यासाठी बोली मराठीत सहज तोंडी येणारा शब्द परंपरेने नाही. 'धन्यवाद' आणि 'आभारी आहे' हे औपचारिक वाटतात. यावरून मराठी माणसाला कृतज्ञता ठाऊक नाही असे म्हणणे म्हणजे ट्रेंचच्या तर्काची उलट बाजू खरी मानणे होय. 'बरं झालं, वेळेवर आलास', 'देव तुझं भलं करो' ही वाक्ये ज्याने ऐकली आहेत, त्याला कृतज्ञता कोठे व्यक्त होते हे सांगावे लागत नाही.

(आ) शब्द जास्त, म्हणून भाषा श्रेष्ठ.

'एस्किमोंच्या भाषेत बर्फासाठी शेकडो शब्द आहेत' हे विधान तुम्ही ऐकले असेल. त्याचा उगम फ्रांझ बोआस यांच्या १९११ मधील ग्रंथात शोधला जातो. तेथे चारच शब्दांचा उल्लेख होता. बेंजामिन ली व्होर्फ यांच्या १९४० मधील लेखानंतर ही कल्पना पसरत गेली आणि आकडा फुगत गेला. लॉरा मार्टिन यांनी १९८६ मध्ये या फुगवट्याचा माग काढला आणि त्यानंतर जेफ्री पुलम यांनी आपल्या खुसखुशीत निबंधातून त्याची खिल्ली उडवली. मुख्य मुद्दा आपण यागानच्या निमित्ताने पाहिलाच आहे. त्या प्रदेशातील भाषाही प्रत्ययांवर प्रत्यय चढवून वाक्याएवढे शब्द घडवतात. अशा भाषेत शब्दांची मोजदाद करून श्रेष्ठत्व ठरवण्यास काही अर्थ उरत नाही.

४.५ भाषांतरकारापुढील मार्ग

(१) शब्द उसना घेणे. इंग्रजीने 'शाडनफ्रॉइड' घेतला. पोर्तुगीजमधील 'शांत, निवांत' या अर्थाचा 'सोसेगादु' गोव्यात 'सुशेगाद' झाला आणि निवांत, समाधानी जगण्याची एक रीतच सुचवू लागला. उसना शब्द नव्या घरी स्वतःचे आयुष्य जगतो.

(२) घडणीचे भाषांतर करणे. 'मधुचंद्र' आणि 'शीतयुद्ध' हे मराठी शब्द इंग्रजी शब्दांच्या घटकांचे क्रमाने भाषांतर करून घडले आहेत.

(३) जवळची म्हण वा वाक्प्रचार वापरणे. येथे छटा सुटत नाही ना, हे तपासावे.

(४) विवरण करणे. थोडक्यात अर्थ सांगावा. कथेच्या ओघात लांबलचक विवरण टाळावे.

अनुवादकाची खरी कसोटी मात्र वेगळ्याच ठिकाणी लागते. रोमान याकोबसन यांनी १९५९ मधील आपल्या निबंधात दाखवून दिले, की भाषांमधील मूलभूत भेद त्या काय सांगू शकतात यात नसून त्यांना काय सांगावेच लागते यात असतो. इंग्रजी कथेतील नायिका आपल्या 'आंट'कडे जाते. मराठीत ती मावशीकडे जाते, आत्याकडे, काकूकडे की मामीकडे? मूळ लेखकाने सांगितले नसले तरी मराठी भाषांतरकाराला ठरवणे भाग पडते. इंग्रजीतील 'वुई' मराठीत 'आम्ही' होणार की 'आपण'? ऐकणाऱ्याला सोबत घ्यायचे की वगळायचे, हा निर्णय मराठी करायला लावते. प्रसिद्ध 'भाषांतर न होणारे' शब्द अनुवादकाला क्वचित भेटतात; हे साधे शब्द प्रत्येक पानावर भेटतात.

४.६ सारांश

एका भाषेतील शब्दाला दुसरीत एकशब्दी पर्याय नसणे ही सर्व भाषांत आढळणारी गोष्ट आहे. समास, प्रत्यय आणि जीवनरीती ही त्यामागील प्रमुख कारणे होत. शब्द नसला तरी अर्थ म्हणीत, वाक्प्रचारात वा वाक्यात मांडता येतो. म्हणून शब्दांच्या संख्येवरून भाषेची थोरवी किंवा समाजाचा स्वभाव ठरवणे अशास्त्रीय आहे. यापुढे 'मराठीत याला शब्द नाही' असे कोणी म्हटले, तर 'मग मराठी माणूस ही गोष्ट कशी सांगतो?' हा प्रश्न विचारावा. भाषेचा अभ्यास त्या प्रश्नापासून सुरू होतो.

४.७ प्रश्नांची उत्तरे

(१) एखाद्या अर्थासाठी भाषेत एकशब्दी पर्याय रूढ नसणे.
(२) पहिला शब्द दोन नामांच्या समासातून, तर दुसरा धातूला प्रत्यय लागून घडला आहे.
(३) दोन्ही मापे रोजच्या जगण्यातील अनुभवावरून, अनुक्रमे हाक आणि रेनडिअरची वाटचाल यांवरून, घडली आहेत.

४.८ स्वाध्याय

(१) 'शब्द नसणे म्हणजे अनुभव नसणे नव्हे', या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
(२) 'उष्टे', 'रुसवा' आणि 'लुडबुड' या शब्दांचे अर्थ मराठी न जाणणाऱ्या व्यक्तीला समजतील अशा रीतीने प्रत्येकी दोन वाक्यांत स्पष्ट करा. लिहिताना कोणती छटा निसटली, तेही नोंदवा.
(३) आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांशी बोलून, प्रमाण मराठीत एकशब्दी पर्याय नसलेले आपल्या बोलीतील पाच शब्द मिळवा. प्रत्येक शब्द कोणत्या प्रसंगी वापरला जातो, हे लिहा.